गोचिडीच्या पायापासून वंशवृक्षापर्यंत

एकाच गोठ्यात जर्सीची संकरित गाय थायलेरिया या गोचिडीतून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीनं आडवी होते आणि शेजारची देशी लाल कंधारी कडबा खात उभी असते. असं का होतं, हा उत्क्रांतीचाही प्रश्न आहे आणि रोगाचाही. त्याचं पूर्ण उत्तर एका पीएच.डी.त मावणार नाही, पण एमएस्सीच्या प्रकल्पात एक टोक धरता येतं: गोठ्यातली गोचीड नेमकी कोणती आणि तिची भावकी कुठली?

आधी विभागाची लेखी परवानगी घ्या आणि मालकाला विचारा. पावसाळ्यात गोचिड्या भरपूर मिळतात. कानाच्या आत, कासेजवळ, शेपटीच्या बुडाशी बघा. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. पिरगाळलं की तोंड कातडीतच राहतं, आणि प्रजाती ओळखायला तेच लागतं. हातमोजे हवेतच. गोचीड बोटानं चिरडायची सवय इथं सोडा. २०११ साली गुजरातेत माणसं दगावली तो क्रिमियन-काँगो ताप हायलोमा जातीच्या गोचिडीतून पसरतो.

२ मिलीच्या ट्यूबमध्ये किमान ९५ टक्के इथेनॉल भरा, सर्जिकल स्पिरिट नको. एका ट्यूबमध्ये एकाच जनावराच्या चार-पाच गोचिड्या पुरेत. जास्त कोंबल्या तर त्यांच्या अंगातलं पाणी इथेनॉल पातळ करतं आणि डीएनए तुटतो. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला.

आता चिठ्ठी. निम्मे प्रकल्प इथंच बुडतात. जेल पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, ट्यूबवरचं मार्करचं अक्षर बोट लागताच पुसतं. जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहा आणि ती ट्यूबच्या आत टाका: ‘उदगीर, देवणी गाय, ३ वर्षे, उजवा कान, १४ ऑगस्ट’. नुसतं ‘गाय २’ लिहिलं असेल तर महिन्याभरानं ती ट्यूब फेकायचीच.

प्रयोगशाळेत आधी सूक्ष्मदर्शकाखाली ओळख आणि फोटो. मग चपटी गोचीड निवडा. रक्तानं टम्म फुगलेलीत गायीचा डीएनए असतो, शिवाय रक्तातलं हीम (लोह असलेलं रंगद्रव्य) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याची क्रिया, अडवतं. चार पाय निर्जंतुक ब्लेडनं कापा, इथेनॉल पूर्ण उडू द्या, बारीक करून प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) घातलेल्या बफरमध्ये ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. धड जपून ठेवा.

आता पीसीआर. सीओआय या प्रजाती ओळखायच्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकासाठी एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ हे प्रायमर (प्रती जिथून सुरू होतात ते डीएनएचे छोटे तुकडे) घ्या. ९४ अंशांवर ३ मिनिटं. मग ९४ अंश ३० सेकंद, ४८ अंश ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट अशी ३५ चक्रं. शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. जेलवर साधारण ७१० बेसची पट्टी दिसली पाहिजे. काहीच दिसत नसेल तर डीएनए दहापट पातळ करून बघा. तरीही नाही तर १६एस जनुकाकडे वळा, तिथं पट्टी ४६०च्या आसपास येते. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नमुन्याच्या खान्यात पट्टी आली तर मात्र हळहळू नका, पाण्यासकट सगळं मिश्रण फेका.

सिक्वेन्सिंग (बेसचा क्रम वाचणं) दोन्ही बाजूंनी करून घ्या. आलेख डोळ्यांनी तपासा आणि सुरुवातीचे २०-३० बेस कापा. प्रथिनात भाषांतर करताना अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाची संकेतावली निवडा. नेहमीच्या संकेतावलीत टीजीए म्हणजे ‘थांबा’, इथं तो ट्रिप्टोफॅन; हे विसरलं की चांगला सिक्वेन्सही खराब वाटतो. ब्लास्टमध्ये (जगभरच्या जमा सिक्वेन्सशी आपला जुळवणारं साधन) सगळ्यात वर आलेलं नाव डोळे झाकून उचलू नका, चुकीच्या नावानं जमा झालेले सिक्वेन्स तिथंही आहेत. सूक्ष्मदर्शकाखालची ओळख जुळली तरच मान्य करा. मग मेगा या सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्षाचं झाड काढा, तुलनेसाठी बाहेरचा गट म्हणून इक्सोडिस ही दूरची गोचीड घ्या, बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या हे पुन्हापुन्हा तपासणं) १००० ठेवा. ७०च्या खालच्या फांदीवर निष्कर्ष टांगू नका.

पुढं नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था नांदेडकरांना पुण्यापेक्षा जवळ आहे. मुलाखतीत वंशवृक्षापेक्षा फसलेल्या जेलबद्दल जास्त विचारतात, म्हणून तेही फोटो ठेवा.

आणि ते जपलेलं धड. थायलेरिया लाळग्रंथींत असतो, पायांत नाही. १८एस जनुकानं तो धडात शोधता येतो. फक्त, रक्त प्यालेल्या गोचिडीत तो सापडला म्हणजे तीच रोग पसरवते असं लिहू नका. तो गायीच्या रक्तातूनही आलेला असू शकतो. लाळग्रंथी वेगळ्या काढून तपासल्या तर बोलायला जागा राहते.