विंडसर्फिंगची सहल: तलाव निवडावा की समुद्रकिनारा?

तलावाचे पाणी संथ म्हणून तो सुरक्षित आणि समुद्राला लाटा म्हणून तो धोक्याचा, अशा ढोबळ समजुतीवर विंडसर्फिंगच्या सहलीचे ठिकाण ठरवणे योग्य नाही. पाल आणि बोर्ड यांना जोडणारा सांधा निखळला, वारा एकाएकी पडला किंवा हात गळून गेले, तर आपण बोर्डासकट वाहत कोठे पोहोचू, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. त्याचे उत्तर पाण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेवर अधिक अवलंबून असते.

किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे कललेला वारा सर्वांत सोयीचा असतो, कारण एकाच रेषेत आत जाऊन परत येता येते आणि काही बिघडलेच तर आपण हळूहळू काठाकडे सरकतो. पाण्यावरून थेट किनाऱ्यावर येणारा वारा सुरक्षित खरा. परंतु समुद्रावर त्या वाऱ्यात फुटणाऱ्या लाटांमधून बोर्ड बाहेर काढणे नवख्याला जमत नाही. फसवा असतो तो जमिनीवरून पाण्याकडे जाणारा वारा. काठाजवळ झाडे आणि इमारती यांच्या आडोशामुळे तो मंद भासतो व पाणी गुळगुळीत दिसते. शे-दोनशे मीटर आत गेल्यावर त्याचा खरा जोर कळतो आणि तेव्हा परतीची वाट वाऱ्याच्या विरुद्ध असते. तलावावर अशा वेळी निदान पलीकडचा काठ असतो. खुल्या समुद्रावर तो नसतो. स्पेनमधील तारिफा येथे अटलांटिकच्या बाजूला पश्चिमेचा पोनिएन्ते पाण्याकडून येतो, तर पूर्वेचा लेवान्ते बहुतांशी जमिनीकडून पाण्याकडे जातो. त्यामुळे काल निर्धोक असलेला किनारा आज नवशिक्याने टाळावा, असे तेथे सहज घडते.

दिशेनंतर वारा तयार कसा होतो ते पाहावे. डोंगरांमधील उत्तम सरोवरांवर दिवसा तापणारे उतार वाऱ्याला दरीतून ओढून घेतात. इटलीतील गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला सकाळी उत्तरेचा पेलेर आणि दुपारी दक्षिणेचा ओरा वाहतो. स्वित्झर्लंडमधील सिल्वाप्लाना सरोवर मालोया वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. हे वारे उन्हाळ्यात बरेच नेमाने येतात, मात्र आकाश ढगाळ असेल तर ओरा आणि मालोया रुसतात. येथे मोबाइलवरील अंदाजावर विसंबू नये. तो अंदाज काढणाऱ्या जागतिक हवामान प्रारूपांची (संगणकावरील गणिती नमुन्यांची) जाळी साधारण ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटींची असल्याने अरुंद दरी त्यांना नीट दिसत नाही, आणि पडद्यावर ५ नॉट (वाऱ्याच्या वेगाचे एकक) दिसत असताना पाण्यावर १५ नॉट वाहत असू शकतात. अशा ठिकाणी वेधशाळेचे किंवा स्थानिक क्लबचे प्रत्यक्ष मोजमाप पाहणे अधिक उपयोगी ठरते.

असे स्थानिक वारे नसलेला, चहूबाजूंनी झाडी असलेला लहान तलाव मात्र कंटाळवाणा ठरण्याचा संभव अधिक. तेथे वारा झुळकांनी येतो, आणि अडथळ्याच्या उंचीच्या दहापट किंवा त्याहून अधिक अंतरापर्यंत त्याची छाया पडते. पाल चढवण्यापूर्वी पंधरा मिनिटे काठावर उभे राहून पाण्याकडे पाहावे. झुळूक उतरते तेथे पृष्ठभाग काळपट आणि सुरकुतलेला दिसतो. हे काळे पट्टे तुटक असतील आणि मध्येच आरशासारखे पाणी दिसत असेल, तर पाल कितीही मोठी घेतली तरी समाधान मिळणार नाही.

किनाऱ्यावरील खारे वारे सहसा सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी भरात येतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. मोकळ्या पाण्यावरून आल्यामुळे ते तलावावरील वाऱ्यापेक्षा एकसारखे असतात. ब्राझीलमधील जेरिकोआकोआरासारख्या ठिकाणी वर्षाच्या उत्तरार्धात व्यापारी वारे त्यांच्या जोडीला येतात. पण किनाऱ्यावर वाऱ्याइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. बहुतेक किनाऱ्यांवर भरती आणि ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे पाण्याच्या पातळीतील फरक सर्वाधिक असतो. ओहोटीला खडक उघडे पडून फिन, म्हणजे बोर्डाखालचा पर, तुटते. पूर्ण भरतीला वाळूची पट्टी बुडते आणि लाट थेट काठावर आपटते. प्रवाह वाऱ्याच्या उलट दिशेने वाहू लागला, की लाटा आखूड व उभ्या होतात. म्हणून नवख्याने उधाणाचे दिवस सोडून अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या, म्हणजे पाण्याची पातळी कमी बदलणाऱ्या, भरतीत सहल ठेवावी.

तलाव आणि समुद्रकिनारा या दोहोंच्या मध्ये उथळ खाजण बसते आणि शिकणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटावरच्या लाक उपसागरात व्यापारी वारा मिळतो, बाहेरची प्रवाळरांग लाटा अडवते आणि बऱ्याच भागात पाणी कमरेएवढेच असते. पाण्यातून पालीच्या ओढीने उठण्याचा सराव करताना पाय टेकता येणे ही मोठी सोय आहे. अशा ठिकाणी फिन मात्र आखूड हवी. ज्याला लाटांवर स्वार व्हायचे आहे, त्याला समुद्राला पर्याय नाही.

तलावाचे दोन धोके सहसा दुर्लक्षित राहतात. बर्फाच्या पाण्यावर भरणारे सरोवर वसंतात हवा उबदार असतानाही अतिशय थंड असते, म्हणून पोशाख पाण्याच्या तापमानानुसार निवडावा. दुसरे म्हणजे वादळ डोंगराआडून अल्पावधीत येते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील बोडेन सरोवराच्या काठी त्यासाठी नारिंगी दिवे आहेत: मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा. पहिला इशारा मिळताच काठाकडे वळावे.

परतल्यावर समुद्रात वापरलेले साहित्य गोड्या पाण्याने धुवावे आणि मास्टचे, म्हणजे पालीच्या खांबाचे, भाग लगेच वेगळे करावेत, नाहीतर मीठ व वाळू साचून ते एकमेकांत अडकून बसतात. तलावातून आणलेले साहित्य दुसऱ्या तलावात नेण्यापूर्वी स्वच्छ करून पूर्ण वाळवावे, कारण पाणवनस्पतींचे तुकडे आणि शिंपल्यांची अदृश्य पिल्ले ओल्या सामानातून दुसरीकडे पसरतात.