उसाला जाणारं पोरगं नववीतून गळू नये म्हणून काय करायचं

बीड, धारूर, केज, पाथर्डी अशा भागात जे हायस्कूलला शिकवतात त्यांना हे वेगळं सांगायला नको, दसरा-दिवाळी झाली की पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. आणि आपण सगळे नेमकं तेव्हाच जागे होतो, घरोघर फिरतो, पालकांना समजावतो आणि हात हलवत परत येतो. कारण पोरानं शाळेत राहायचं की उसाच्या फडात जायचं हे दिवाळीत ठरतच नाही, ते पावसाळ्यात बाप मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतो तेव्हाच ठरलेलं असतं. एकदा पैसे घेतले, ते लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च झाले, की मग सर कितीही गोड बोलले तरी फिटेपर्यंत तोडावंच लागतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे मुकादमाचं कॅलेंडर पाठ करायचं.

जून-जुलैत वर्गात सरळ विचारा, यंदा कोणाचे आईबाप जाणार, कुठल्या कारखान्याला, कोल्हापूरकडं का कर्नाटकात, आणि घरी मागं कोण राहणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मागं आजी असेल तर पोरगं टिकतं, आजी थकलेली असेल किंवा नसेलच तर ते नाव वहीत वेगळं लिहून ठेवा.

मग घरी जा, पण संध्याकाळी, दिवसा कोणी सापडत नाही. आणि शिक्षणाचं महत्त्व वगैरे भाषण नको, त्यांना ते माहितीय. मी साधारण असं बोलतो:

"दादा, यंदा उचल घेतली का?"

"अजून न्हाई सर, बोलणं चालूय."

"पोराला धरून का सोडून?"

इथं माणूस जरा गप्प होतो. मग म्हणतो, "ते इथं ऱ्हाऊन खाईल काय? म्हातारीला दिसत न्हाई."

म्हणजे अडचण जेवणाची आणि झोपायची आहे, अभ्यासाची नाही! हे कळलं की पुढचं बोलता येतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पोरगं त्यात हिशोबाला धरलेलं नसतं, पण मोळ्या बांधायला, लहान भावंडं सांभाळायला, कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) भाकरी करायला त्याचे हात लागतात. पोरीचे तर जास्तच.

राहायची सोय शोधताना एक लक्षात घ्या, गावातली हंगामी वसतिगृहं बहुतेक ठिकाणी आठवीपर्यंतच्या पोरांसाठीच असतात. मोफत शिक्षणाचा कायदा 6 ते 14 वयाचा, खिचडी आठवीपर्यंत, सरकारी पुस्तकं आठवीपर्यंत, आणि मग आपण विचारतो की नववीत पोरं का गळतात. नववी-दहावीसाठी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या संत भगवानबाबा वसतिगृहाचं विचारा, मुलींसाठी कस्तुरबा गांधी विद्यालयाचंही बघा. जागा कमी असतात, म्हणून फॉर्म जूनमध्येच. नाहीच जमलं तर मामा, मावशी, चुलता कोणीतरी असतोच, फक्त त्या घरी शिक्षकानं स्वतः एकदा जाऊन यावं, नातेवाईक मग पोराला ओझं म्हणून वागवत नाहीत, हा माझा अनुभव.

पैशाचं म्हणाल तर आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला सगळ्यांना बसवा, हुशार तेवढेच नको. लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात, आणि बापाशी बोलताना हा आकडा भाषणापेक्षा जास्त काम करतो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तो शाळेनंच काढून द्यावा, आगारात हेलपाटे मारायला कोणाला वेळ आहे.

मुलींचं आणखी एक. कोयता पुरा करायला लवकर लग्न लावून देतात, हे काही लपलेलं नाही. पोरगी अचानक गप्प झाली, दांड्या मारायला लागली, मैत्रिणी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या की समजून जा. आधी आईशी बोला, बापाशी नंतर. ऐकत नसतील तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याच्या कानावर घाला. तुमचं नाव पुढं येऊ द्यायचं नसेल तर तसं फोनवरच सांगा.

आणि वाचन. नववीत न अडखळता वाचता येत नाही अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात, त्यांना बीजगणित काय कळणार, ती लाजेनं मागच्या बाकावर आणि मग घरी. रोज परिपाठाआधी अर्धा तास, चौथीचं पुस्तक घेऊन, पण बाकीच्या पोरांसमोर नको.

इतकं करूनही काही जाणारच. जाताना शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊ नका, नाव पटावर राहू द्या, पुस्तकं बरोबर द्या आणि बापाचा चालू नंबर घ्या, मुकादमाचाही घ्या. महिन्यातून एकदा फोन करा, पोराशीच बोला. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये गाड्या परत येतात, त्याच आठवड्यात घरी जाऊन फेरपरीक्षेची तारीख सांगा. दोन वर्षं गेलेलं पोरगं असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करता येते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे फार पालकांना माहीतच नसतं, तेवढं नक्की सांगा.