हायवेवर डांबर टाकताय? माल प्लँटवरून निघायच्या आधी हे उरकून घ्या

हॉटमिक्सच्या, म्हणजे खडी आणि गरम डांबराच्या मिश्रणाच्या, कामात जी घाई असते ती खोटी नसते. माल प्लँटवरून निघाला की गार व्हायला लागतो, आणि व्हीजी-30 या ग्रेडच्या डांबराचा माल असेल तर टाकताना तो निदान 140 डिग्री पाहिजे आणि 90 च्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. म्हणजे डंपर साइटवर आल्यावर ट्रॅफिकचे कोन शोधायला, चमकणारी जॅकेटं वाटायला कुणाकडेच वेळ नसतो, म्हणून सेफ्टीचं सगळं डंपर यायच्या आधीच झालं पाहिजे, नंतर ते होत नाही हे मी इतक्या साइटवर बघितलंय की आता माझा नियमच आहे, लेन पूर्ण बंद झाल्याशिवाय प्लँटला फोन करायचा नाही.

लेन बंद करायची ती वाहन ज्या बाजूने येतं तिकडून. आधी लांबचा 'काम चालू' बोर्ड, मग स्पीडचा, मग लेन कमी होते त्याचा, मग तिरकी कोनची लाइन. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे येते, त्यामुळे कामापासून पन्नास पावलांवर दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवून काही होत नाही. वेगवान हायवेवर पहिला बोर्ड मी तरी एक किलोमीटर आधी लावतो. आयआरसी एसपी 55 मध्ये, म्हणजे इंडियन रोड काँग्रेसच्या कामाच्या जागी ट्रॅफिक सांभाळायच्या पुस्तिकेत, सगळे नकाशे काढून दिलेत, सुपरवायझरने एकदा तरी बघावेत. झेंडेवाला कोनच्या आत उभा राहील, गाड्यांच्या लेनमध्ये नाही, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. घाटात वळणापलीकडे अजून एक माणूस लागतोच.

मजुरांचे कपडे बघा. नायलॉनचा टीशर्ट, साडीचा सुटा पदर, स्लिपर, यातलं काही पेव्हरजवळ, म्हणजे माल पसरणाऱ्या मशीनजवळ, चालत नाही. सुती फुल बाह्या, जाड सोलचे चामडी बूट, हातमोजे आणि वरून जॅकेट. गमबूटही नको, वरून गरम माल आत पडला तर पटकन निघत नाही.

रस्ता झाडून कोरडा झाला की टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारायचा पातळ हात. त्याचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, मारताना तपकिरी दिसतं, त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. काळं होईपर्यंत थांबा, तपकिरीवर माल टाकलात तर थर घसरतो. पाऊस येईल असं वाटत असेल, पाणी साचलं असेल किंवा हवा 10 डिग्रीच्या खाली असेल तर त्या दिवशी काम नाही. आणि गरम डांबराच्या टाकीत किंवा बॉयलरमध्ये पाणी गेलं की ते फेसाळून उसळतं आणि बाहेर येतं, म्हणून ओली बादली तिथे फिरकू द्यायची नाही, बॉयलरला आग लागली तरी पाणी मारायचं नाही, आग विझवायचं पावडरचं सिलिंडर जवळ ठेवा.

आता डंपर. मला सगळ्यात भीती याचीच वाटते. रिव्हर्स घेताना एकच माणूस इशारा करेल, तोही ड्रायव्हरला आरशात दिसेल असा बाजूला उभा राहून, तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक मारायचा. पाच जण 'येऊ दे येऊ दे' ओरडतात तेव्हाच घोळ होतो. डंपर पेव्हरला धडकवू नका, वीतभर अलीकडे न्यूट्रलला थांबवा, पेव्हरच त्याला ढकलत नेईल. डाला, म्हणजे डंपरची मागची पेटी, उचलायच्या आधी मान वर करून तारा बघा, आणि डाला वर असताना गाडी पुढे काढायची नाही. थर्मामीटर मालात खुपसून बघा. निळा धूर म्हणजे माल जळलाय, ढेकळं पडतायत म्हणजे गार झालाय, दोन्ही परत पाठवा, कॉन्ट्रॅक्टर ओरडला तर ओरडू दे.

रोलर ताशी 5 किलोमीटरच्या वर पळवायचा नाही, कडेकडून मधे यायचं, ड्रम ओला ठेवायचा. आणि हे कुठल्याच पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं पण लक्षात ठेवा, मे महिन्यात साइटवर सावली एकाच ठिकाणी असते, उभ्या रोलरची. एकदा दुपारी आमचा ऑपरेटर चावी फिरवणार तेवढ्यात मागच्या ड्रमला टेकून झोपलेल्या माणसाचा फेटा दिसला. तेव्हापासून साइटवर बांबू आणि ताडपत्रीची सावली आधी बांधतो, तिथेच पाण्याचा जार, आणि ऑपरेटरने मशीनभोवती पूर्ण चक्कर मारल्याशिवाय स्टार्ट नाही.

कुणाला भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं. चिकटलेलं डांबर ओढू नका, कातडी सोबत येते. डिझेल, रॉकेल, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. बोटाभोवती किंवा मनगटाभोवती डांबराचं कडं झालं असेल तर ते गार होताना आवळतं, तेव्हा दवाखान्यात नेताना थांबायचं नाही, डॉक्टरला तेच पहिलं सांगा.

थर हवेइतका गार होईपर्यंत लेन सोडू नका. सोडताना कोन उलट्या क्रमाने उचला, सगळ्यात लांबचा बोर्ड शेवटी. तो विसरून येऊ नका, चार दिवस रिकाम्या रस्त्यावर 'काम चालू' उभं राहिलं की पाचव्या दिवशी कुणी स्पीड कमी करत नाही आणि तेव्हा पुढच्या लेनवर आपलीच माणसं असतात.