नागोयाच्या जुन्या कापडगिरणीतले टोयोटा संग्रहालय कसे पाहावे

जपानमधल्या नागोया शहरातील टोयोटा उद्योग व तंत्रज्ञान स्मारक संग्रहालयात जाणारे बहुतेक लोक मोटारी पाहायच्या म्हणून जातात आणि वस्त्रयंत्रांचे दालन नुसते ओलांडून पुढे निघतात. माझा आग्रह नेमका उलट आहे. हाताशी अर्धा दिवस असेल, तर त्यातला मोठा भाग कापूस, सूत आणि मागांना द्यावा. कारण ही वास्तू मुळात कापडाच्या कारखान्याची आहे आणि मोटारींची कथासुद्धा इथल्या मागांपासूनच सुरू होते.

मागांचे संशोधक साकिची टोयोडा यांनी 1911 मध्ये याच जागी आपल्या स्वयंचलित मागांच्या चाचणीसाठी कारखाना उभारला आणि पुढे तिथे सूतकताईही सुरू झाली. त्या काळच्या लाल विटांच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया जपून 11 जून 1994 रोजी संग्रहालय खुले करण्यात आले. साकिचींचे पुत्र आणि टोयोटाच्या मोटार व्यवसायाचे जनक किइचिरो यांच्या जन्माला त्या दिवशी 100 वर्षे पूर्ण होत होती.

जाण्यासाठी नागोया स्थानकातून मेइतेत्सु या खासगी रेल्वेची लोकल गाडी पकडून साको या पुढच्याच स्थानकावर उतरावे. तिथून चालत तीनेक मिनिटे लागतात. जलद गाड्या साकोला थांबत नाहीत, हे गाडीत चढण्यापूर्वी पाहून घ्यावे. सोमवारी संग्रहालय बंद असते. प्रात्यक्षिकांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून आत शिरताच त्या विचारून घ्याव्यात आणि बाकीचा फेरा त्यांच्या अवतीभवती आखावा, कारण बंद यंत्र आणि चालते यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रवेशापाशीच साकिचींचा वर्तुळाकार माग उभा आहे. त्यांनी 1906 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. नेहमीच्या मागात धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा भाग, डावी-उजवीकडे फेकला जातो आणि दर फेकीला त्याला थांबून उलट फिरावे लागते. इथे तो गोल फिरत राहतो. हा फरक नीट समजून घेऊनच पुढे जावे.

वस्त्रदालनात सुरुवात कापसापासून करावी. सरकी काढणे, पिंजणे, पेळू (कापसाच्या सैल वळकट्या) करणे आणि चातीवर सूत ओढणे या पायऱ्या कर्मचारी हाताने करून दाखवतात आणि मग तीच कामे करणारी यंत्रे चालवतात. हा क्रम मोडू नये. हाताची हालचाल आधी पाहिली नसेल, तर यंत्रातले रूळ नेमके काय करत आहेत हे कळत नाही. जपानच्या गिरण्या वाढल्या त्या काळात आपल्याकडचा कापूस तिकडे जात असे आणि त्याच व्यापारासाठी 1893 मध्ये निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली होती, हे मराठी पाहुण्याने तिथे उभे असताना जरूर आठवावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र 1924 च्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागापुढे थांबावे. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना धोट्याची ती खटखट लगेच ओळखू येईल. या मागात दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, धोट्यातील सुताची कांडी संपत आली की माग वेग जराही कमी न करता भरलेला धोटा आत घेतो आणि रिकामा बाहेर टाकतो. हे क्षणार्धात घडते, म्हणून नजर मागाच्या कडेला ठेवावी. दुसरी म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, प्रत्येक धाग्यावर लटकणारी धातूची पातळ पट्टी. धागा ताठ असेपर्यंत ती तोललेली राहते. तो तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नाही. तुटल्या धाग्यावर डोळा ठेवण्याचे काम यंत्रानेच उचलल्यामुळे एका कामगाराला कितीतरी अधिक माग सांभाळता येऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणाऱ्या इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये या मागाचे हक्क 1 लाख पौंडांना घेण्याचा करार केला, यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

मोटारींचे दालन वस्त्रदालनापेक्षा कितीतरी मोठे आहे. तिथे सगळे पाहण्याचा हट्ट न धरता 1936 च्या ‘एए’ या टोयोटाच्या पहिल्या प्रवासी मोटारीच्या घडणीशी संबंधित भाग आणि ओतकाम व घडाईची प्रात्यक्षिके निवडावीत. दोष दिसताच काम थांबवण्याची मागातली पद्धत मोटारींच्या जुळणीतही कशी आली, याचा धागा इथे हाती लागतो.

परतताना पाय चालत असतील, तर नागोया स्थानकाकडे पायीच निघावे. वाटेत नोरिताके गार्डन लागते. तीही चिनी मातीच्या भांड्यांच्या जुन्या कारखान्याची जागा आहे आणि तिथल्या लाल विटांच्या इमारती बाहेरून पाहायला अर्धा तास पुरतो.