तुलांबेनला किनाऱ्यावरून डायव्हिंग: कंबर-गुडघा दुखणाऱ्यांसाठी माझा अनुभव

त्रास असा: बालीत तुलांबेनच्या गोल, काळ्या गोट्यांवरून हवेची टाकी पाठीवर घेऊन चालताना उजवा गुडघा लचकायचा आणि बाहेर येताना कंबर धरायची. नी-कॅप, कमरेचा पट्टा, पाण्याखाली जायला लागणारी शिशाची वजनं कमी करणं, सगळं करून पाहिलं. १९६३च्या ज्वालामुखीने समुद्रात लोटलेलं लिबर्टी जहाज हाकेच्या अंतरावर आणि मी काठावर, याचं फार वाईट वाटायचं.

भरलेली टाकी साधारण १७ किलोची. ती अंगावर घेऊन चालायचंच नाही, हा खरा उपाय.

तिथल्या बायका टाकी डोक्यावरून पाण्यापर्यंत नेतात. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) तिथेच तपासायचा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, बीसीडी (टाकी जिला बांधतात ती हवेने फुगणारी बंडी) फुगवून तरंगती सोडायची. जाड तळाचे बूट घालून आपण मोकळ्या हातांनी कमरेएवढ्या पाण्यात जायचं. जोडीदाराच्या खांद्याला धरून फिन्स (पोहण्याचे पायपंख) चढवायचे, मग बीसीडीत हात, पट्टे, वजनं शेवटी. परतताना छातीभर पाण्यात बीसीडी फुगवून आधी वजनं, मग बीसीडी जोडीदाराकडे द्यायची. फिन्स सर्वांत शेवटी. लाटा मोठ्या असतील तर हे जमत नाही, त्या दिवशी डायव्ह नाही.

पायाला आधीपासून मुंग्या येत असतील तर कुठे, किती, ते डायव्हआधी जोडीदाराला सांगा. डीकम्प्रेशनच्या आजारातही (खोलातून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) मुंग्या येतात. नवीन कोणत्या, ते कळलं पाहिजे.