बायबलमधले कालखंड अभ्यासताना

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाला मी वडोदऱ्याहून नाव घातलं. पहिल्याच स्वाध्यायात लिहिलं, 'बायबलमध्ये सात युगं सांगितली आहेत.' वही परत आली तेव्हा समासात तांबड्या शाईत एकच शब्द होता: 'कुठे?' दोन दिवस शोधलं. तसं वचन नाहीच. निर्दोषता, विवेक, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य ही सातांची मांडणी जगभर पोचली ती १९०९ साली निघालेल्या, अमेरिकन धर्मोपदेशक स्कोफिल्ड यांच्या सटीप बायबलमुळे. तिच्यामागचा विचार एकोणिसाव्या शतकात धर्मशिक्षक जॉन नेल्सन डार्बी यांनी घडवला होता. टिपा वचनांच्याच पानावर छापलेल्या. आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवरही तोच तक्ता होता, त्यामुळे टीप कुठली आणि वचन कुठलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तक्ता बाजूला ठेवावा. पेन्सिल घ्या आणि मजकूर स्वतः जिथे वळतो तिथे खूण करा. नोहाशी करार, अब्राहामाला अभिवचन, सीनाय डोंगरावर मोशेला मिळालेलं नियमशास्त्र, दाविदाला दिलेला शब्द, यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातला 'नवा करार'. या खुणांवर फारसं कुणी भांडत नाही.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ. ती नावांची यादी आपण सगळेच घाईने ओलांडतो, पण कालखंडांचा विचार करणाऱ्याला ती सोन्यासारखी आहे. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा, असं १:१७ (अध्याय १, वचन १७) म्हणतं. आमची आजी नगरची, तिचं वाचन पक्कं. रावपुऱ्यातल्या घरी ती पाटावर बसून एकेक नाव उच्चारायची आणि मी फरशीवर चिंचोके मांडायचे. पहिली रांग चौदा, दुसरी चौदा, तिसरी तेरा. तीनदा मोजलं, तरी तेराच. पुढे राजांच्या पुस्तकांशी पडताळलं तर मधल्या रांगेत योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेले निघाले. मी घाबरले होते. आजी म्हणाली, "अगं, तो वंशावळ मोजत नाहीये, ओवतोय." इब्रीत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते आणि दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीज ४, ६ आणि ४, म्हणजे चौदाच होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. हाच धागा घेऊन प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने इतिहासाचे सहा काळ मांडले, सृष्टीच्या सहा दिवसांसारखे, आणि सातवा विसाव्याचा.

आता शब्दाबद्दल. इफिसकरांस पत्राच्या १:१० मध्ये मूळ ग्रीक शब्द आहे 'ओइकोनोमिया', म्हणजे घराचा कारभार. मी स्वाध्यायात 'युग' लिहिलं ती दुसरी चूक. युग म्हटलं की आपल्या कानात सत्ययुग ते कलियुग असा फिरून येणारा फेरा वाजतो. इथे फेरा नाही, काळ एकदाच आणि एका दिशेने जातो. 'कारभार' हा शब्द घेतला आणि मला गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय उलगडला. पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, वारस लहान असतो तोवर बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो पालक व कारभारी यांच्या हाताखाली असतो. मग काळाची पूर्णता झाली आणि देवाने आपल्या पुत्राला पाठवलं. वडोदऱ्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाले, पण कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत, पूर्ण अधिकार आले १८८१च्या अखेरीस. गादीचा वारस मधल्या काळातही तेच होते. दिवाणांचा अंमल खोटा नव्हता, मुदतीचा होता. नियमशास्त्राबद्दल पौलाला नेमकं हेच म्हणायचं आहे.

मतभेद इथून पुढे. डार्बींच्या वाटेने जाणारे इस्राएल आणि मंडळी (म्हणजे ख्रिस्ती चर्च) यांच्यासाठी देवाची योजना वेगवेगळी मानतात. करारवादी मानतात की आदामाच्या पतनानंतर कृपेचा करार एकच, फक्त त्याची व्यवस्था काळानुसार बदलली. १६४०च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात (विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्यात) हे स्पष्ट लिहिलं आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचं कारण गलती ३:१७: अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आलेलं नियमशास्त्र ते अभिवचन रद्द करत नाही. पण आमच्याच मंडळीतल्या ज्या मामांनी मला दानीएलाचं पुस्तक शिकवलं ते पहिल्या बाजूचे आहेत, आणि त्यांच्याइतकं बारकाईने भविष्यवाद वाचणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. परीक्षेत दोन्ही मतं ज्याची त्याच्या नावावर लिहा. सृष्टीची सुरुवात इ.स.पू. ४००४ ही तारीखही तशीच, ती आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये काढलेली.

आता रविवारचा वर्ग मी घेते. भिंतीवरचा तक्ता काढलेला नाही. त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत 'स्कोफिल्ड, १९०९' एवढं लिहिलं आहे, आणि मत्तयाच्या दिवशी मुलांना चिंचोके घेऊन यायला सांगते.