एकाच चाकाची हवा सारखी कमी होते? या चुका टाळा

दर आठ-दहा दिवसांनी तेच चाक बसतं, आपण पंपावर जाऊन "मारा की हवा" म्हणतो आणि विषय तिथंच सोडतो. हळू गळतीत सगळ्यात जास्त पैसे याच सवयीनं जातात. हवा कमी असताना गाडी पळवली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतले थर सुटायला लागतात. बाहेरून टायर ठीकठाकच दिसतो. पाच-दहा रुपयांची व्हॉल्व्हची पिन बदलायची राहते आणि त्यापायी पाच-सात हजारांचा टायर जातो.

गळती आहे की थंडी?

पहिली चूक मोजण्यातली. हवेचा दाब तापमानाबरोबर हलतो. दर ५-६ अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय (गेजवर दाब मोजायचं एकक), असं धरा. बेळगावात डिसेंबरात दुपारी २९-३० अंश असतात आणि पहाटे १४-१५. त्यात गाडी निपाणीहून तवंदीचा घाट चढून आलेली असली तर टायर चालून आणखी ३-४ पीएसआयनं फुगलेला असतो. अशा गरम टायरात ३३ भरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी २६-२७ दिसणारच. ती गळती नव्हे. आणखी एक गंमत अशी की आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. त्यामुळे इथं भरलेली हवा चोर्ला उतरून पणजीत मोजली तर, तापमान तेच असलं तरी, काटा १ पीएसआयच्या आसपास कमी दाखवतो.

म्हणून मोजायचं ते सकाळी, गाडी हलवण्याआधी आणि नेहमी एकाच गेजनं. पंपापंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा स्वतःचा छोटा गेज घेतलेला बरा. चारही चाकांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो घेऊ नका. तीन-चार दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. चारही सारखेच उतरले असतील तर हवामान, एकच उतरलं असेल तर गळती. चांगला टायरही महिन्याला १-२ पीएसआय सोडतोच. आठवड्याला तेवढी जात असेल तर शोध सुरू करा. रोज तेवढी जात असेल तर आजच दुकान गाठा.

दिसला खिळा की उपटला

आपल्याकडं खिळे कुठं लागतात हे ड्रायव्हर मंडळींना पाठ असतं. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवरून निघालेला लोखंडी कीस रस्त्यावर सांडलेला असतो. त्याचं बारीक वळलेलं टोक टायरात घुसलं तर सहजी दिसत नाही. गळीत हंगामात चिकोडी-संकेश्वरकडं जोडट्रॉली समोरून आली की आपण साइडपट्टीवर उतरतो आणि बोल्ट, तारा, काचा सगळं तिथंच साचलेलं असतं.

खिळा दिसला की तो जागेवरच उपटायचा मोह आवरा. बऱ्याचदा खिळ्यानंच भोक बुजवून ठेवलेलं असतं. काढलात तर हळू गळतीची जोरात गळती होते आणि तुम्ही तिथंच अडकता. आधी त्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा नसेल तर तो रबराच्या जाड ठोकळ्यात नुसता रुतलेला असू शकतो. बुडबुडे आले तर खडूनं खूण करा आणि हवा भरून दुकान गाठा.

दुकानात सहसा स्ट्रिप, म्हणजे बाहेरून भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी, मारून देतात. आणीबाणीला ती ठीक. पण माझं मत विचाराल तर टायर काढून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारं ठिगळ एकत्र) मारून घ्या, कारण चाकावरून टायर उतरल्याशिवाय आतली अवस्था कळत नाही. आत काळा रबराचा चुरा निघाला किंवा बाजूला गोल घासल्याची रेघ दिसली तर तो टायर कमी हवेवर खूप चाललेला आहे. त्याला पंक्चर काढण्यात अर्थ नाही. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, किंवा खांद्यावर (जिथं रस्त्याला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते तिथं) अथवा बाजूला असेल, तर दुरुस्ती नाहीच. कुणी "चालतंय की" म्हणालं तरी नाही. जुनी स्ट्रिप असेल तर साबण आधी तिथंच लावून बघा. वर्ष-दोन वर्षांनी तिच्या कडेनं हवा झिरपायला लागणं नवं नाही.

व्हॉल्व्हकडं कुणी बघतच नाही

खिळा सापडला नाही की लोक थेट टायरला दोष देतात. खरं तर सगळ्यात आधी टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचा थेंब ठेवायचा. एकेक बुडबुडा फुगून फुटत असेल तर पिन सैल आहे किंवा तिच्यात माती गेली आहे. खानापूरकडची लाल माती पाण्याबरोबर कुठंही शिरते, म्हणून टोपण हरवलं की लगेच नवं लावा. पिन घट्ट करायची छोटी चावी मिळते. घट्ट करूनही थांबलं नाही तर पिनच बदला.

तरीही हवा जात असेल तर व्हॉल्व्हची रबरी नळी बोटानं हळूच चारी बाजूंना वाकवा आणि बुडाशी बघा. उभी असताना धड वाटणारी नळी वाकवली की बुडाच्या भेगा उघडतात आणि फसफस येते. प्लॅस्टिकचं व्हीलकव्हर वाकडं बसलं असेल तर ते नळीला सतत रेटत राहतं, तेही तपासा. नवे टायर टाकताना जुनेच व्हॉल्व्ह ठेवणं ही असल्याच काटकसरीतली चूक. टायर खाली उतरलेलाच असतो, व्हॉल्व्ह तेव्हाच बदलून टाका.

दुकानात चाक पाण्यातून नुसतं फिरवलं

हा प्रकार तर रोजचाच. टाकीत चाक बुडवायचं, दोन वेढे द्यायचे आणि "काय न्हाई बघा" म्हणून परत लावायचं. जोराची गळती त्यात दिसते, आठवड्याला २ पीएसआय सोडणारी दिसत नाही. तिचा एक बुडबुडा जमायलाच वेळ लागतो. "अण्णा, जरा तसंच राहू दे की" म्हणा आणि प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं पाण्याखाली स्थिर ठेवायला लावा. त्याआधी हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरून घ्या, फक्त बाजूवरच्या कमाल आकड्याच्या आत. पाणी ढवळल्यावर टायरच्या खाचांत अडकलेली हवा वर येते. ती निघून गेली की मगच बघायला सुरुवात करायची.

घरी करायचं असेल तर भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. चाक काढूनच तपासा, कारण रिमची आतली बाजू गाडीवर असताना दिसत नाही आणि गळती नेमकी तिथंच असू शकते. सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना दगड आणि जॅक चढवण्याआधी नट सैल, हे ओघानं आलंच. टायर जिथं रिमला टेकतो त्या कडेनं सलग फवारा मारा आणि थांबा. इथं मोठे बुडबुडे येत नाहीत. कडेला बोटभर लांबीची पांढरी, बारीक फेसाची पट्टी सावकाश जमते. ती दिसली की बहुधा टायर निर्दोष आहे, रोग रिमला आहे.

आपल्या भागात हा रोग नेहमी संशयात धरावा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या लोखंडी रिमला कडेनं गंज चढतो, पापुद्रे सुटतात आणि टायरची कड त्यावर नीट बसत नाही. अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम) गंजत नाही म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वरचा थर फुगून त्याखाली पांढरी पूड धरते आणि गळती तशीच होते. उपाय कष्टाचा पण साधा आहे. टायर उतरवायचा, रिमची कड तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं स्वच्छ करायची, चिकटलेलं जुनं रबर काढायचं, लोखंडी असेल तर प्रायमर-रंग देऊन पूर्ण वाळू द्यायचा, कडेला बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप) लावून टायर बसवायचा आणि बॅलन्सिंग करायचं. सीलरऐवजी ग्रीस फासणारे भेटतात, त्यांना थांबवा. ग्रीसनं रबर खराब होतं. अलॉयवर ग्राइंडर तर अजिबात चालवू देऊ नका.

खड्ड्यात आदळल्यापासून हवा जायला लागली असेल तर बॅलन्सिंगच्या मशीनवर रिम फिरताना बघा. कड लपलपत असेल तर ती वाकली आहे. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या भरवशावर हायवेला गाडी काढण्यापेक्षा रिम बदललेली परवडते.

ट्यूब टाका, जेल ओता, नायट्रोजन भरा

रिमच्या गळतीवर ट्यूबलेस टायरात ट्यूब टाकून द्यायचा सल्ला सर्रास मिळतो. ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते. ट्यूब घासते, तापते आणि खिळा लागला की हवा एकदम जाते. घरापर्यंत पोचायला चालेल, पुढं नाही. जेलनं छोटं भोक बुजतं, पण गंजलेल्या रिमला त्याचा फारसा उपयोग नाही. वर नंतर पॅच मारणारा आतली घाण बघून वैतागतो. नायट्रोजनवर मी पैसे घालणार नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि भोकातून दोन्ही सारखेच बाहेर पडतात.

दुरुस्तीनंतर स्टिकरप्रमाणे हवा भरून दुसऱ्या दिवशी सकाळी आणि मग आठवड्यानं त्याच गेजनं मोजा. डॅशबोर्डवर हवेचा दिवा असलेल्या गाडीत हवा बरोबर केल्यावरच रीसेट दाबा. नाहीतर काही गाड्या कमी हवाच बरोबर समजून बसतात. आणि गेज हातात आहे तोवर डिकीतली स्टेपनीही मोजून घ्या.